सकाळी थंडीत इंजिन थरथरतं अन् गरम झालं की शांत होतं, तर आधी काय पाहायचं

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, २०१७ ची पेट्रोल गाडी, एक लिटरचं तीन सिलेंडरचं इंजिन, ७८,००० किलोमीटर झालेली, गॅस किट नाही. डिसेंबर लागल्यापासून सकाळी सहाच्या सुमारास सेल्फ मारला की गाडी चालू तर होते पण दोन-तीन मिनिटं स्टिअरिंग, सीट, मधला आरसा सगळं थरथरतं, आरपीएमचा काटा ८०० ते १३०० खालीवर नाचतो, अन् इंजिन गरम झालं की काहीच नाही, दिवसभर मस्त चालते. प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करून झाली, फरक शून्य. आता तुमचा मेकॅनिक म्हणतो तिन्ही कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारे) अन् तिन्ही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) बदला, ११,००० लागतील. करू का, असं तुम्ही विचारता.

नका करू. निदान आत्ता तरी नका करू. कदाचित शेवटी एखादा कॉइल खराब निघेलही, मी गाडी पाहिली नाही त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण सहा पार्ट एकाच वेळी फक्त थंडीतच खराब अन् दहा वाजता सहाच्या सहा चांगले, असं मी माझ्या बावीस वर्षांच्या कामात पाहिलं नाही. मी हिंगणघाटकडे हायवेच्या कडेला गॅरेज चालवतो, आमच्याकडे कास्तकारांच्या, शिक्षकांच्या, जिनिंगवाल्यांच्या गाड्या येतात अन् दरवर्षी दिवाळीनंतर थंडी पडली की तुमच्यासारखी तक्रार हमखास येते.

या तक्रारीची मोठी अडचण काय माहीत आहे का, तुम्ही गाडी मेकॅनिककडे नेता तेव्हा ती गरम झालेली असते. घरून निघाले, पंधरा किलोमीटर आले, गॅरेज उघडलं दहाला, तोवर बिमारी पळून गेलेली. मग मेकॅनिक तरी काय करणार, तो अंदाजानं प्लग बदलतो, पुढच्या वेळी कॉइल, त्याच्या पुढच्या वेळी इंजेक्टर. त्यात त्याची बदमाशी असतेच असं नाही, त्याला बिमारी दिसलीच नाही. म्हणून थंड गाडीची बिमारी थंड गाडीवरच पाहायची, ती पहिली दोन मिनिटं सोडून बाकी दिवसभराचं काही कामाचं नाही. आमच्याकडे मी सरळ सांगतो, संध्याकाळी गाडी आणून सोडा, चाबी द्या, घरी जा, मी सकाळी पाहतो. तुमच्या मेकॅनिकला पण हेच सांगा, चांगला असेल तर तो हो म्हणेल.

आता थंडीत इंजिनाला होतं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं डोक्यात बसेल. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. सकाळी आठ-दहा डिग्री असते तेव्हा इंजेक्टरनं मारलेलं बरंचसं पेट्रोल वाफ न होता मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाच्या, तोंडाला, वॉल्व्हच्या पाठीला ओलं चिकटून राहतं. हवेत मिसळणारं पेट्रोल कमी पडतं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो अन् स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगानं फिरतं तो, थोडा वर, बाराशे-तेराशेच्या आसपास ठेवतो, मग जसजसं इंजिन गरम होतं तसतसा खाली सातशे-साडेआठशेवर आणतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला चोक ओढायचो ना, तेच काम आता कॉम्प्युटर करतो. पण किती जास्त पेट्रोल द्यायचं हे त्याला कोण सांगतं, तर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, टेम्परेचर सेन्सर. अन् बरोबर दिलं की चुकलं हे कोण तपासतं, तर सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर, जो स्वतः तीनशे डिग्रीच्या आसपास तापल्याशिवाय बोलतच नाही. म्हणजे पहिली मिनिट-दोन मिनिटं कॉम्प्युटर निव्वळ टेम्परेचर सेन्सरवर भरवसा ठेवून चालतो. त्या वेळात कुठून चोरटी हवा आत आली, सेन्सरनं खोटं सांगितलं, इंजेक्टर ठिबकला, तर सुधारायला कोणी नसतं. एकदा ऑक्सिजन सेन्सर बोलायला लागला की कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करून तीच चूक झाकून टाकतो. म्हणून गरम झाल्यावर गाडी चांगली वाटते. बिमारी तिथंच असते, फक्त झाकलेली असते.

त्यात तुमची तीन सिलेंडरची. चार सिलेंडरमध्ये क्रँकच्या दर १८० डिग्रीला एक फायर होतो, तीनमध्ये दर २४० डिग्रीला, म्हणजे दोन धक्क्यांमधलं अंतर जास्त, थोडी थरथर तिच्या जातीतच आहे. अन् एक सिलेंडर मिस झाला, म्हणजे त्यात पेट्रोल जळलंच नाही, तर सरळ एक तृतीयांश ताकद गेली, चार सिलेंडरवाल्यापेक्षा तुम्हाला तो हादरा जास्त जाणवणार. एक करा, शेजारीपाजारी कोणाची तुमच्याच मॉडेलची गाडी असेल तर एखाद्या सकाळी तिच्यात बसून पाहा. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन जण असे येतात की आधीची गाडी चार सिलेंडर होती, आता तीनवाली घेतली अन् पहिल्या हिवाळ्यात घाबरले, गाडीत काही दोष नसतो. पण तुमचा काटा पाचशे आरपीएम खालीवर जातो म्हणता, ते जातीतलं नाही, ते पाहायलाच पाहिजे.

सगळ्यात आधी हे ठरवायचं की इंजिन खरंच मिस होऊन राहिलं, का इंजिन बरं आहे अन् त्याचा हादरा बॉडीत येऊन राहिला. या दोन वेगळ्या बिमाऱ्या आहेत, खर्च वेगळा, रस्ता वेगळा. सकाळी कोणालातरी सेल्फ मारायला सांगा अन् तुम्ही मागं सायलेन्सरजवळ उभे राहा. वहीचा एक कागद सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटं लांब धरा. इंजिन बरोबर असेल तर कागद एकसारखा बाहेर फडफडत राहील, आवाजही एका लयीत. मिस होत असेल तर मधेच एक ठोका गळतो, भुर्रर्र करता करता भक्, परत भुर्रर्र, अन् त्या क्षणाला कागद ढिला पडतो, कधी आतमध्येही ओढल्यासारखा होतो. मागं आवाज एकसारखा आहे, काटा स्थिर आहे पण आत सीट थरथरते, तर फाउंडेशन पाहा, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसलेलं असतं ते. थंडीत रबर कडक होतं, फाटलं-दबलं असेल तर सकाळी जास्त जाणवतं. बोनट उघडून एकाला ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये अन् मग रिव्हर्समध्ये क्लच अगदी थोडा थोडा सोडायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून पाहा, गाडीच्या समोर कधीच उभे राहू नका. इंजिन थोडं कलणारच, पण ढेकूळ फुटल्यासारखं इंचभर उडालं अन् ठक् आवाज आला तर फाउंडेशन गेलं. अन् रबर गेलेलं असेल तर गाडी गरम झाल्यावर एसी लावला की स्लोवर ते परत थोडंफार जाणवतंच. तुमच्या गाडीत गरम झाल्यावर काहीच नाही अन् काटा स्वतः नाचतो, म्हणून माझा कल इंजिनाकडे आहे.

त्यातही काट्याचं वागणं बरंच सांगून जातं. एखादा प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर काटा एकाच जागी थरथरतो, वेग साधारण तोच, ठोके गळत राहतात. काटा हळूहळू वर जातो, खाली येतो, परत वर, असं हिंदकळत असेल तर हवा-पेट्रोलचं प्रमाण चुकून राहिलं अन् कॉम्प्युटर सावरायचा प्रयत्न करून राहिला. तुम्ही लिहिलं त्यावरून मला हे दुसरं वाटतं. म्हणून कॉइलवर पैसे घालायच्या आधी टेम्परेचर सेन्सर अन् चोरटी हवा या दोन गोष्टी पाहा.

सेन्सरचं मी एवढं का सांगतो तर मागच्या जानेवारीतली एक गाडी. समुद्रपूरकडच्या एका खेड्यातले गुरुजी, तुमच्यासारखीच तक्रार. तीन वेळा माझ्याकडे आले, तिन्ही वेळा अकरा वाजता, शाळा सांभाळून, अन् तिन्ही वेळा गाडी एकदम ठीक. आधी दुसरीकडे प्लग, एक कॉइल, थ्रॉटल सगळं करून आलेले. गाडी रात्रभर सोडणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून चौथ्या वेळी मीच पहाटे साडेपाचला मोटरसायकलनं त्यांच्या घरी गेलो. गाडी अंगणात उभी, शेजारी वेचलेल्या कापसाची गंजी, काचेवर, बोनटवर दहिवर असं की बोटानं नाव लिहिता येईल. मी त्यांना म्हटलं सेल्फ मारू नका, नुसती चाबी ऑन करा. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, लावला. आत येणाऱ्या हवेचं तापमान दाखवलं ११ डिग्री. कूलंटचं तापमान दाखवलं ६४ डिग्री.

आता तुम्हीच पाहा, रात्रभर उघड्यावर उभी गाडी, हात लावला तर इंजिन बर्फासारखं, अन् कॉम्प्युटरला वाटून राहिलं की इंजिन गरमच आहे. मग तो कशाला जास्त पेट्रोल देईल? थंड इंजिनाला गरम इंजिनाचं पेट्रोल, थरथरणार नाही तर काय होईल.

सेन्सर बदलायची घाई मी केली नाही, आधी वायर धरून मागं मागं गेलो. एअर फिल्टरच्या डब्याखालून वायरिंग जातं तिथं उंदरानं दोन्ही वायरचं प्लास्टिक बोटभर कुरतडलेलं, आतलं तांबं उघडं, त्यावर हिरवट चढलेलं अन् दोघांच्या मधे धूळ अन् ओल मिळून काळा चिखल बसलेला. हा सेन्सर असा असतो की थंडीत त्याचा रेझिस्टन्स जास्त, वीस डिग्रीला साधारण दोन-अडीच हजार ओहम, अन् ऐंशी डिग्रीला तीनशेच्या आसपास. त्या ओल्या चिखलातून दोन वायरमधून थोडा करंट गळत होता, म्हणजे कॉम्प्युटरला रेझिस्टन्स कमी दिसत होता, अन् कमी रेझिस्टन्स म्हणजे त्याच्या हिशेबानं गरम इंजिन. दिवसा ऊन लागलं, इंजिन तापलं, चिखल वाळला की गळती बंद, सगळं ठीक. मी कोरड्या फडक्यानं पुसलं अन् ब्लोअरनं हवा मारली, गुरुजी स्कॅनरचा स्क्रीन धरून उभे होते, आकडा त्यांनीच मोठ्यानं वाचला, ६४, ४१, २३, १२. मग सेल्फ मारला तर गाडी तेराशेवर गप्प उभी. तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर केली, श्रिंक ट्यूब चढवली, वरून जाळीदार स्लीव्ह. सामान लागलं शंभराच्या आतलं.

चेक इंजिनची लाइट का लागली नाही, हा प्रश्न तुमच्या डोक्यात येईल. वायर पूर्ण तुटली असती तर कॉम्प्युटरला उणे चाळीस डिग्री दिसलं असतं, त्याला ते पटलं नसतं अन् लाइट लागली असती. ६४ डिग्री हा आकडा त्याला पटण्यासारखा आहे, म्हणून तो गप्प बसतो. लाइट नाही म्हणजे सेन्सर ठीक, असं समजू नका.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत उंदीर हा विषय फार मोठा आहे भाऊ. सोयाबीन आधीच निघालेलं असतं, तूर कापायला येते, वावर मोकळं होऊन राहतं, थंडी पडली की उंदीर घराकडे येतात अन् बंद झालेलं गरम इंजिन म्हणजे त्यांना बसायला जागा. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत कापसाचा खोपा अन् तुरीच्या शेंगांची टरफलं, हे मी दरवर्षी पाहतो. म्हणून तुम्ही सगळ्यात पहिलं काम करा ते बिनपैशाचं, दिवसा उजेडात बोनट उघडा, मोबाइलची टॉर्च घ्या अन् एकेक वायर, एकेक रबरी पाइप डोळ्यानं पाहा, जिथं हात जाईल तिथं खालच्या बाजूनं बोट फिरवा. लेंड्या दिसल्या की समजायचं इथं कोणीतरी येऊन राहिलं.

आता चोरटी हवा. थ्रॉटलच्या पुढं इंजिनाकडे जेवढे पाइप अन् गॅस्केट आहेत, तिथून हवा आत शिरली तर तिचा हिशेब कॉम्प्युटरकडे नसतो. स्लोवर इंजिन फारच कमी हवा घेतं म्हणून तेवढ्या गळतीनं पण प्रमाण बिघडतं, रेस दिली की हवाच इतकी जास्त होते की ती गळती जाणवत नाही. थंडीत रबर आकसून कडक होतं, भेग उघडते, गरम झालं की फुगून बसते, म्हणून हे पण सकाळचंच दुखणं. इंजिनाच्या वरच्या झाकणातून वाफ ओढणारा तो छोटा वाकडा पाइप असतो, पीसीव्हीचा, तो खालच्या बाजूनं चिरतो अन् वरून चांगला दिसतो, त्याला पिळून पाहा. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप पाहा. मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहा. इंजिन चालू असताना कानानं ऐका, सुस्स् असा बारीक आवाज येतो. साध्या स्प्रेच्या बाटलीत पाणी भरून जिथं शंका आहे तिथं थोडं मारा, आवाज बदलला किंवा काटा हलला तर तिथंच भोक आहे. कॉइल अन् वायरच्या जोडावर पाणी मारू नका. काही जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर मारतात, मी घरी करणाऱ्याला ते सांगत नाही, तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर भडका होतो.

तुमच्याकडे स्कॅनर नसेल तर मोबाइलला ब्लूटूथनं जोडायचा छोटा मिळतो, हजाराच्या आत, अकरा हजारांच्या पार्टपेक्षा ते बरं. संध्याकाळी गाडी उभी करा, रात्रभर हात लावू नका. सकाळी चाबी नुसती ऑन, सेल्फ नाही. कूलंटचं तापमान अन् आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा, रात्रभर उभ्या गाडीत दोन्हीमध्ये चार-पाच डिग्रीपेक्षा जास्त फरक नको. फरक पंधरा-वीसच्या वर गेला तर तुमची बिमारी बहुतेक तिथंच सापडली. फरक नसेल तर सेल्फ मारा, काटा पाहा, कागद धरा, व्हिडिओ काढा. गाडी गरम झाल्यावर फ्युएल ट्रिम नावाचे आकडे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते, पाहा, ते साधारण अधिक-उणे दहाच्या आत असावे. स्लोवर अधिक वीस दाखवत असेल अन् अडीच हजार आरपीएमला ते पाच-सातवर उतरत असेल तर चोरटी हवा, यात मला फारशी शंका राहत नाही. स्लोवर अन् रेसवर दोन्हीकडे अधिकच राहिलं तर पेट्रोल कमी येऊन राहिलं, फिल्टर किंवा पंप पाहावा लागेल.

पेट्रोलच्या प्रेशरची एक सोपी परीक्षा आहे. सकाळी चाबी ऑन करून तीन सेकंद थांबा, मागून पंपाचा बारीक घूं आवाज येईल, बंद करा, परत ऑन करून तीन सेकंद, बंद करा, मग सेल्फ मारा. असं केल्यावर गाडी एकदम चांगली चालू झाली अन् थरथर गेली, तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरून राहिलं. एक तर टाकीतल्या पंपाचा वॉल्व्ह धरत नाही, नाही तर इंजेक्टर ठिबकतो. ठिबकत असेल तर सेल्फ मारताच कच्च्या पेट्रोलचा वास येतो, काळसर धूर येतो अन् प्लग काढला तर त्या एकाच सिलेंडरचा ओला निघतो.

अन् कागदाच्या परीक्षेत ठोका खरंच गळताना दिसला तर मग कॉइल-प्लगकडे या, पण विकत घेऊन नाही. स्कॅनरवर पी०३०१, पी०३०२, पी०३०३ यातला कोड असेल तर शेवटचा आकडा म्हणजे सिलेंडरचा नंबर, पी०३०० म्हणजे कोणता एक नक्की नाही. कोड नसेल तर थंड गाडी चालू करून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहा, चांगल्या सिलेंडरचा काढला की इंजिन आणखी लंगडं होईल, ज्याचा काढून काही फरक पडला नाही तो आधीच मेलेला. कॉइलचा कनेक्टर काढून ही परीक्षा करू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं, अन् तो पार्ट फार महाग आहे. हे करताना गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, अन् गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बेल्ट अन् पंखा कोणाची वाट पाहत नाही. समजा दोन नंबर मेलेला निघाला. दोनचा कॉइल तीनवर अन् तीनचा दोनवर लावा, गाडी तशीच ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाहा. मिसिंग तीनवर गेलं तर कॉइल खराब, एकच कॉइल घ्या. दोनवरच राहिलं तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टरची. एका सकाळी एकच बदल, दोन केले की कशानं फरक पडला ते कळत नाही. तिन्ही बदलून पण मिसिंग दोनवरच बसलं असेल तर कॉम्प्रेशन तपासा, पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय असतं, पण आकड्यापेक्षा तिन्हींमधला फरक महत्त्वाचा, तो दहा-पंधरा टक्क्यांच्या वर नको.

एक मात्र आधी सांगून ठेवतो, मिसिंग एकाच सिलेंडरचं असेल, अर्ध्या-एक मिनिटात जात असेल, त्या वेळी गोडसर वासाचा पांढरा धूर जास्त येत असेल अन् कूलंटची पातळी महिन्याला थोडी थोडी उतरत असेल तर हेड गॅस्केटमधून रात्री कूलंट सिलेंडरमध्ये पाझरून राहिलं. हे दुखणं थांबत नाही, तिथं टाळाटाळ करू नका. साधी पांढरी वाफ मात्र थंडीत सगळ्याच गाड्यांना येते, त्याला घाबरू नका, कूलंटच्या डब्यावर मार्करनं रेघ मारून पंधरा दिवस पाहा. झाकण उघडायचं ते थंड गाडीचंच.

बाकी गोष्टी लवकर सांगतो. ऑइल कोणतं टाकलं ते पाहा, आपल्याकडे दुकानात जे ट्रॅक्टरसाठी आहे तेच २०डब्ल्यू-४० कारमध्ये पण टाकून देतात, सकाळी ते इतकं घट्ट असतं की इंजिनाला फिरायला जड जातं, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिला तोच टाका. गाडी चालू असताना क्लच दाबून धरा, थरथर लगेच बरीच कमी झाली तर थंड गिअर ऑइलचा भार किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग हेही डोक्यात ठेवा. बॅटरी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या जवळ अन् गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या मधे पाहिजे, सेल्फ मारताना फार खाली गेली तर स्पार्क कमजोर पडतो. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर कॉम्प्युटरला स्लो परत शिकवावा लागतो, स्कॅनरनं होतं, तुमच्याकडे ते केलं का विचारा, अन् काटा नाचणं साफ करायच्या आधी होतं का नंतर लागलं हे मला नक्की सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे.

पेट्रोलबद्दलही तुम्ही विचारलं, वीस टक्के इथेनॉलमुळे होत असेल का. त्याचा थोडा हात असू शकतो. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते अजून आळशी होतं, अन् तेवढ्याच हवेला पेट्रोलपेक्षा इथेनॉल जास्त लागतं. जे इंजिन मुळात बरं आहे ते एवढं सांभाळून घेतं, पण आधीच कुठं चोरटी हवा असेल, इंजेक्टर घाण असेल, वॉल्व्हवर कार्बन असेल तर पूर्वी न जाणवणारी खोट आता सकाळी जाणवते. कार्बन स्पंजासारखा पेट्रोल पिऊन घेतो, अन् हे जास्त होतं ते रोज दोन-तीन किलोमीटर चालून बंद होणाऱ्या गाडीत, जी कधी नीट तापतच नाही. तुमची फक्त गावातल्या गावात फिरत असेल तर आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास चालवा. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर टाकी अर्ध्यावर ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

तोवर गाडी चालवू का, तर चेक लाइट लागली नाही किंवा स्थिर आहे तोवर हळू चालवा. लाइट उघडझाप करायला लागली की रेस सोडा अन् गाडी बाजूला घ्या, ती मिसिंगनं कॅटॅलिटिक जळत असल्याची खूण आहे. सकाळी थंड इंजिनाला जोरात रेस देऊन गरम करू नका, अर्धा-एक मिनिट स्लोवर ठेवून हळू काढा. अन् थंडी आहे म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून गाडी चालू ठेवून उभे राहू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, शेजारी गोठा असेल तर जनावरांनाही धोका.

म्हणजे तुमचा क्रम असा, आज दिवसा वायर अन् पाइप डोळ्यानं पाहायचे, उद्या सकाळी दोन तापमानांचे आकडे, कागद अन् काटा, मग पाण्याची बाटली, प्रेशरची परीक्षा, अन् ठोका गळतानाच दिसला तर कॉइलची अदलाबदल. मेकॅनिकला हेच दाखवा, तो तुमच्या जवळचा माणूस आहे, त्याच्याशी वाद घालू नका, सकाळी सहाला घरी चहाला बोलवा अन् गाडी चालू करू देऊ नका तो येईपर्यंत. उद्याचे आकडे अन् व्हिडिओ मला पाठवा, बोनट उघडं ठेवून सायलेन्सरचा आवाज पण येईल असा काढा, मी दुपारी जेवताना पाहतो अन् संध्याकाळपर्यंत सांगतो.